तारामासा तीन दिवसांत गेला की चार महिन्यांत?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घर मांजलपूरला, दोन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी, सुरू करून सात महिने झालेत, दोन क्लाउनफिश मजेत आहेत. दिवाळीत मुलीच्या हट्टापायी चॉकलेट चिप तारामासा आणलात, तो तिसऱ्या दिवशी गेला. मग दुकानदाराने ‘हा टिकतो’ म्हणून निळा लिंकिया तारामासा दिला. तो चार महिने काचेवरून, दगडांवरून फिरला आणि गेल्या आठवड्यात त्याच्या भुजा टोकाकडून विरघळायला लागल्या, दोन दिवसांत खेळ संपला. आता तुम्ही विचारताय की पाण्यात काय कमी आहे, कोणतं औषध घालू आणि तिसरा कुठला आणू.

तुम्ही दोन्ही मृत्यू एकाच प्रश्नात बांधलेत, तिथेच घोटाळा आहे. पहिला गेला पाण्यामुळे आणि दुसरा उपासमारीने. दोघांवरही औषध नव्हतं. तारामाशाच्या बाबतीत मी सगळ्यात आधी एवढंच विचारतो की आणल्यापासून किती दिवसांनी गेला. आठ-दहा दिवसांच्या आत गेला तर पाणी, मीठ, तांबं किंवा वाटेतली हेळसांड. दोन महिन्यांच्या पुढे गेला तर बहुतेक वेळा भूक. मी तुमची टाकी पाहिलेली नाही, त्यामुळे यात अपवाद निघू शकतो. पकडताना किंवा प्रवासात दुखावलेला प्राणीही तुमच्या हाती आलेला असू शकतो. पण बडोद्यात बावीस वर्षं लोकांच्या घरच्या आणि दवाखान्यांतल्या खाऱ्या टाक्या सांभाळतोय, त्यात हा हिशेब फारसा चुकलेला नाही.

आधी पहिल्याकडे येऊ. आम्ही बी.एस्सी.ला होतो तेव्हा झूऑलॉजीच्या जर्नलमध्ये तारामाशाच्या जलवाहिनी संस्थेची आकृती काढावी लागे. मधे एक कडं, त्यातून पाच भुजांत गेलेल्या नळ्या, नळ्यांना फुटलेले शेकडो नलिकापाद, म्हणजे नळीसारखे छोटे पाय, आणि पाठीवर एक चाळणीसारखी तबकडी. तेव्हा गुणांसाठी घोकली. तिचा अर्थ टाकी ठेवल्यावर कळला. हा प्राणी चालतो तो याच नळ्यांतल्या पाण्याच्या दाबावर, आणि त्याच्या अंगातला द्रव खारटपणात बाहेरच्या समुद्राइतकाच असतो. माशाला कल्ले आणि मूत्रपिंडं असतात, त्यांच्या जोरावर तो आतलं मीठ आपल्या हिशेबात ठेवतो. तारामाशाकडे तशी सोय नाही. बाहेरचं मीठ बदललं की आतलंही बदलतं, आणि ते झपाट्याने बदललं की पेशी फुगतात किंवा आकसतात.

आता दुकानात काय असतं ते बघा. बरीच दुकानं माशांच्या टाक्यांत मीठ मुद्दाम कमी ठेवतात. मिठाचा खर्च वाचतो आणि काही परजीवीही आटोक्यात राहतात. माशाला ते चालतं. तारामासाही त्याच पाण्यात ठेवलेला असतो. तिथली घनता १.०१९ असेल तर लिटरमागे साधारण २५ ग्रॅम मीठ झालं. तुमची टाकी १.०२५ ला आहे म्हणालात, म्हणजे ३३ च्या वर. तुम्ही पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगवली आणि तारामासा आत सोडला. त्या पंधरा मिनिटांत तापमान जुळलं, मीठ जुळलंच नाही. असा धक्का बसलेला तारामासा लगेच मरत नाही. पहिल्या दिवशी थोडा हलतो, दुसऱ्या दिवशी एका जागी बसतो, अंगावर पांढुरके डाग येतात, तिसऱ्या दिवशी मऊ पडतो. घरच्यांना वाटतं, काल तर ठीक होता!

यावर माझा उपाय मेडिकलच्या दुकानात मिळतो. सलाईनचा सेट आणायचा, तोच, चाकाने थेंब कमीजास्त करता येणारा. तारामासा पिशवीतल्या पाण्यासकट एका प्लॅस्टिकच्या भांड्यात उतरवायचा, तोही पाण्याखालीच, हवेत न उचलता. मग टाकीचं पाणी त्या नळीतून थेंब थेंब सोडायचं. या सेटचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. सेकंदाला तीन थेंब ठेवले तर तासाला अर्ध्या लिटरच्या थोडं वर पाणी पडतं. भांडं भरत आलं की निम्मं पाणी फेकायचं आणि पुन्हा थेंब सुरू. तीन-चार तास लागतात, कधी पाच. घड्याळाकडे बघू नका, रिफ्रॅक्टोमीटरकडे, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्राकडे बघा. भांड्यातलं पाणी टाकीइतकं खारं दिसेल तेव्हाच प्राणी आत जाईल. भांडं उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नका, नाहीतर मीठ जुळेपर्यंत तापमान बिघडलेलं असेल.

रिफ्रॅक्टोमीटरवरून आठवलं. तुमच्याकडे प्लॅस्टिकचा डोलणारा काटा असलेलं यंत्र असेल तर त्यावर विसंबू नका. काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला की आकडा खोटा येतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तोही नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून सोडू नका. हजारी ३५ भाग मिठाचं तयार द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. आणि दुकानदाराला त्याच्या टाकीतली घनता तुमच्यासमोर मोजायला सांगा. चांगला दुकानदार चिडत नाही.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती हल्ली मला वारंवार दिसते. तुम्ही लिहिलंय की पाणी घरच्या आरओचं वापरता. तो कुठला आहे? आजकाल अनेक आरओ यंत्रांत तांब्याचं कार्ट्रिज असतं, माणसाच्या तब्येतीसाठी म्हणून. तारामाशाला मात्र तांबं विष आहे. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ, सगळ्यांनाच ते बाधतं, पण मासे तेवढं सोसतात. म्हणून तुमचे क्लाउनफिश मजेत आणि तारामासा आडवा, असं चित्र दिसलं की माझी पहिली शंका तांब्यावर जाते. माशांच्या त्वचारोगावर जे तांब्याचं औषध देतात, त्यात लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं ठेवतात. तेवढ्यात मासा बरा होतो, बाकी मंडळी मरतात. इथल्या वाडी भागातल्या एका आजोबांच्या यंत्रात तर तांब्याचं कार्ट्रिजही नव्हतं. आरओचं पाणी रात्रभर तांब्याच्या हंड्यात भरून ठेवायचे, पिण्यासाठी आणि टाकीसाठी एकच हंडा. पाच महिने आम्ही दोघं पाण्याच्या चाचण्या करत बसलो होतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि गोगलगायी मात्र टिकेनात. एकदा सकाळी गेलो तेव्हा आजी हंडा चिंचेने घासत होत्या, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

तर कार्ट्रिज बघा. घरच्या यंत्रात चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायचा स्क्रूही असतो, त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ४०-८० असतो. टाकीला शून्याच्या जवळचं लागतं. त्यासाठी पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिनचं फिल्टर जोडलेलं वेगळं यंत्र घ्यावं लागेल. टाकी जुनी, कोणाकडून घेतलेली असेल तर आधी त्यात तांब्याचं औषध घातलं होतं का, हेही विचारा. दगडांत मुरलेलं तांबं नंतर हळूहळू सुटत राहतं.

आता दुसरा मृत्यू. हा मला जास्त लागतो, कारण हा मी स्वतः घडवलेला आहे.

टाक्यांच्या धंद्यात नवा असताना मीही निळा लिंकिया आणला होता, चार फुटी टाकीत. सात महिने टिकला. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचो. दांडिया बाजारातले मित्र सेव-उसळ खाऊन खास तो बघायला यायचे. जायच्या आधीच्या महिन्यात त्याच्या भुजा बारीक दिसायला लागल्या होत्या, पण मला वाटलं, वाढतोय, लांब होतोय. आता पुन्हा त्या आकृतीकडे चला. तारामाशाच्या प्रत्येक भुजेत पचनग्रंथींची एक जोडी असते आणि अन्नाचा साठाही तिथेच होतो. खायला मिळालं नाही की तो हा साठा वापरतो, मग स्वतःचं अंग. महिनोन्‌महिने! वरून रंग तसाच, चाल तशीच. आतून रिकामा होत जातो आणि शेवटी भुजा विरघळायला लागल्या की आपल्याला वाटतं कालपासून आजारी पडला. तुमच्या लिंकियाचं हेच झालं. तो चार महिने जगला, हे टाकी चांगली असल्याचं लक्षण धरू नका. तो आणला तेव्हा त्याच्याकडे चार महिन्यांचा डबा होता, एवढंच.

लिंकिया खातो काय? खडकावरचा पातळ थर. सूक्ष्म शेवाळ, जिवाणू, त्यात अडकलेले कण. तो पोट बाहेर काढून पृष्ठभागावर पसरतो आणि तिथेच पचवतो. समुद्रात त्याच्यासमोर मैलभर खडक असतो. तुमची टाकी २४ बाय १२ बाय १५ इंच, म्हणजे काठोकाठ भरली तर ७० लिटर, दगड-वाळू वजा केली तर ५५. एवढ्यातला थर तो काही आठवड्यांत चाटून संपवतो आणि तो पुन्हा येण्याच्या वेगापेक्षा याची भूक मोठी. लिंकियासाठी मी निदान चारशे लिटरची, वर्षभर जुनी आणि दगडांनी भरलेली टाकी मागतो, आणि तेवढ्यावरही तो जगेलच असं वचन देत नाही. वाळू चाळणारा तारामासा, जो ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून खपवतात, त्याचंही तेच. तो वाळूतले बारीक जीव खातो, ते संपले की वाळूखालीच गुपचूप मरतो आणि तुम्हाला कळतं ते अमोनिया वाढल्यावर.

चॉकलेट चिपची गोष्ट वेगळी आहे. मला विचाराल तर हौशी माणसाने ठेवावा असा मोठा तारामासा तोच, कारण तो खाताना दिसतो. कोळंबीचा नखाएवढा कच्चा तुकडा, मीठ-मसाला न लावलेला, चिमट्याने त्याच्या भुजेखाली सरकवायचा. तो वर चढून बसतो, पाठीचा घुमट करतो आणि तासाभराने सरकतो तेव्हा तुकडा गायब असतो. आठवड्यातून दोन-तीनदा एवढं पुरतं. आमच्या फ्रीजमध्ये कोळंबी ठेवायला आईची सक्त मनाई होती. शेजारचे सीकेपी काका देवासारखे धावून आले, त्यांच्या फ्रीजरमध्ये माझा एक डबा कायमचा झाला. तुमच्याकडेही सोवळ्याचा प्रश्न असेल तर प्राणी आणण्याआधी तो सोडवा.

पण चॉकलेट चिपला दोन अटी आहेत. समुद्रात तो फूटभर होतो, त्यामुळे दोन फुटीत त्याला वळायलाही जागा नाही, निदान चार फुटी हवी. आणि तो प्रवाळ, समुद्रफूल, स्पंज, गोगलगाय काहीही खातो. तुम्ही क्लाउनफिशसाठी पुढे समुद्रफूल आणणार असाल तर हा नको. लाल शिंगांचा त्याचा भाऊबंदही तसाच.

विकत घेताना एक चाचणी करा. दुकानदाराला पाण्याखालीच तारामासा उलटा करायला सांगा. निरोगी असेल तर एक भुजा वळवून, पकड घेऊन काही मिनिटांत सुलटा होतो. पाय काचेला चिकटत नसतील, भुजा लोंबत असतील किंवा अंगावर पांढरे चट्टे असतील तर हात जोडून परत या. दुकानात आल्याला निदान आठवडा झालेला असावा. मुंबईहून रात्रभर पिशवीत प्रवास करून सकाळी आलेला माल संध्याकाळी घरी नेऊ नका.

घरी कधी एखादा तारामासा सुस्तावलेला दिसला तर बाटलीतलं काही ओतायच्या आधी मीठ मोजा, अमोनिया मोजा, आणि तेवढंच खारं, तेवढंच गरम पाणी करून टाकीचा पाव हिस्सा बदला. एक भुजा गळून जखम स्वच्छ दिसत असेल तर घाबरू नका, ती परत येते. अंगाच्या मधल्या भागापासून विरघळू लागला तर मात्र लगेच बाहेर काढा. सडणारा तारामासा छोट्या टाकीत रात्रीत अमोनिया चढवतो आणि क्लाउनफिशही घेऊन जातो.

तुम्ही चैत्राच्या तोंडावर विचारताय म्हणून उन्हाळ्याचं सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि टाकी हवी २५-२६ अंशांवर. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, नसेल तर पाण्यावर छोटा पंखा लावतात, तो दोन-तीन अंश उतरवतो. पण तो उतरवतो बाष्पीभवनाने, आणि वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. तुमच्या ५५ लिटरमधून दिवसाला दोन लिटर उडालं तर हजारी ३५ भाग मीठ ३६.३ होतं. तीन दिवस गावाला गेलात तर ३९ च्या पुढे. मग आल्यावर एकदम सहा लिटर गोडं पाणी ओतलंत की दुसरा धक्का. मार्करने काचेवर पातळीची रेघ ओढा आणि सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत गोडं पाणी घाला, हे काम मुलीला द्या. जूनमध्ये पावसाआधी हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग निम्म्यावर येतो, तेव्हा एसीची खोली हाच उपाय. वीज गेली तर चालेल असा बॅटरीवरचा हवेचा पंपही घरात ठेवा.

मीठ वाचवायला समुद्राचं पाणी आणावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. बडोद्याहून जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. कावी-कंबोईला गेला असाल तर भरतीत बुडणारं मंदिर पाहिलं असेल. तेच पाणी बादलीत घेऊन बघा, चहासारखं गढूळ. भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, वर मही नदीचं गोडं पाणी मिसळलेलं, आणि आपल्या भागातल्या कारखान्यांचं सांडपाणी नेणारा कालवाही महीच्या मुखाकडेच उतरतो. त्या पाण्याने पाय धुवा. टाकीला बनवलेलं समुद्रमीठच वापरा. स्वयंपाकाचं मीठ तर अजिबात नको, त्यात नुसतं सोडियम क्लोराइड, समुद्रातलं बाकीचं काहीच नाही.

मुलीला जिवंत तारामासा जवळून दाखवायचा असेल तर हिवाळ्यात रात्रीच्या गाडीने जामनगर गाठा, तिथून वाडीनारजवळ नरारा. कच्छच्या आखातातलं हे राष्ट्रीय सागरी उद्यान १९८२ चं. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊन ओहोटीत चालत जायचं. घोटाभर पाण्यात काय काय दिसतं! उचलून आणायचं मात्र काही नाही, शिंपलासुद्धा. तो गुन्हा आहे.

थोडक्यात, पहिला मिठाच्या धक्क्याने किंवा तांब्याने गेला, दुसरा भुकेने. आरओचं कार्ट्रिज बघून मला कळवा, म्हणजे पहिल्याचं नक्की सांगता येईल.

आणि तिसरा कुठला? या टाकीत विकत घेऊन कुठलाच मोठा नको. फारच इच्छा असेल तर टाकी वर्षाची झाल्यावर एखादा लहान ब्रिटल स्टार आणा. सापासारख्या बारीक भुजांचा, दिवसा दगडाखाली लपणारा, माशांचं उरलंसुरलं खाणारा. फक्त हिरवा घेऊ नका, तो रात्री मासे धरतो. त्याआधी एक करून बघा. दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्चवर लाल जिलेटीन लावून काचेचा आणि दगडांचा कोपरान्‌कोपरा न्याहाळा. दगडांबरोबर नखापेक्षाही लहान, करड्या रंगाचे अ‍ॅस्टेरिना तारामासे बऱ्याचदा आपोआप येतात आणि स्वतःला दुभागून वाढतात. सात महिन्यांच्या टाकीत एखादा सापडायची शक्यता चांगली आहे. सापडला तर मुलीला भिंग देऊन भुजा मोजायला सांगा. पाचच भरतील असं नाही, माझ्या टाकीतल्या एकाला सात आहेत, त्यातल्या तीन अर्ध्या.